वरची इंदू, खालची इंदू

प्रताप नगरात प्रशिक गजभिये कुठे राहतो असं विचारलंत, तर कोपऱ्यावरचा पानठेलेवाला आधी तुम्हालाच विचारेल, कोणता प्रशिक? बँकेतला, का जाड चष्म्याचा? जाड चष्म्याचा म्हणालात की तो बोटानं वरचा मजला दाखवेल आणि पुन्हा सुपारी कातरायला लागेल. गल्लीत प्रशिकची ओळख एवढीच. प्रोग्रामर मंडळींत मात्र त्याचं नाव होतं. बंगळुरूची पोरं त्याला सर म्हणत आणि परदेशातून कौतुकाचे निरोप येत. पस्तिशीही न गाठलेल्या माणसाचं डोकं फिरायला एवढं भरपूर झालं.

हे सगळं नाव त्याच्या लायब्ररीमुळे. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची कपाटं नव्हेत. एखादं किचकट काम एकानं एकदा नीट लिहून ठेवायचं आणि बाकीच्यांनी तो तयार कोड आपापल्या प्रोग्राममध्ये जोडून घ्यायचा, त्याला या धंद्यात लायब्ररी म्हणतात. घरोघरी मसाला कुटत बसण्यापेक्षा एका ठिकाणचा चांगला मसाला सगळ्यांनी आणावा, तसं. आता त्या मसाल्यात खडा निघाला, तर तोही सगळ्यांच्याच दाताखाली येणार, हे ओघानं आलंच.

प्रशिकच्या लायब्ररीचं नाव 'चाळणी'. माणसांच्या लांबलचक याद्यांमध्ये एकच माणूस दोनदोनदा आलेला असतो. कुठे नावाची वेलांटी वेगळी, कुठे आडनाव आधी. चाळणी अशा जोड्या शोधायची, दोघांचा एक माणूस करायची आणि स्वच्छ यादी हातात द्यायची. शाळा, सोसायट्या, दवाखाने, सगळीकडे ती चालायची. तिचं एक खास होतं. ती कधी काही विचारायची नाही. यादी द्या, यादी घ्या, संपलं. नाव, आडनाव, गाव आणि जन्मतारीख या चार गोष्टी जुळल्या की माणूस एकच, असं प्रशिकनं ठरवून टाकलं होतं. बापाचं किंवा नवऱ्याचं नाव लोक दर वेळी वेगळं लिहितात, म्हणून ते त्यानं जमेस धरलं नव्हतं. त्या रकान्यात फरक दिसला तर चाळणी दोन्ही नावं शेजारी ठेवायची, मधे दोन तिरप्या रेघा मारायची आणि पुढे जायची. वापरणाऱ्याच्या डोक्याला ताप द्यायचा नाही, हे त्याचं ब्रीद. चांगली लायब्ररी कशी लिहावी यावर तो कॉलेजांमधून भाषणं द्यायचा, त्यातही हेच सांगायचा. दार एकच ठेवा, नाव सोपं ठेवा आणि आत आलेल्याला प्रश्न विचारू नका.

एकदा चाळणीच्या इंटरनेटवरच्या पानावर एक तक्रार आली. पायल नावाच्या मुलीची. नागपुरातल्याच एका लहानशा कंपनीत ती प्रोग्रामर होती आणि एका धर्मादाय डोळ्यांच्या दवाखान्याचं काम करत होती. तिनं फार अदबीनं लिहिलं होतं. खेड्यांच्या यादीत चाळणी दोन वेगळ्या बायकांची एक बाई करते आहे, एका बाईला चक्क दोन नवरे दिसताहेत. जिथे खात्री नाही तिथे लायब्ररीनं परस्पर निकाल लावू नये, ही जोडी तपासा एवढंच सांगावं, म्हणजे आम्ही माणसाला विचारून ठरवू. असं तिचं म्हणणं.

प्रशिकला ते झोंबलं. विचारायचं म्हणजे? मग चाळणीत आणि वहीत फरक काय राहिला? त्यानं उत्तर ठोकलं. घाण माहिती घालाल तर घाणच बाहेर येईल, आधी जन्मतारखा नीट भरून आणा, लायब्ररी म्हणजे काही तुमची दाई नव्हे. आणि तक्रार बंद करून टाकली. त्या उत्तराखाली कितीतरी जणांनी पसंतीचे अंगठे उमटवले. प्रशिकनं ते अंगठे दिवसभर अधूनमधून उघडून बघितले. चांगला माणूस होता हो तो, पण टाळ्या मिळाल्या की त्याला दुसरं काही ऐकू येत नसे.

पुढच्याच भाषणात त्यानं तो किस्सा सांगितला. "एक मॅडम म्हणतात, तुमच्या लायब्ररीनं एका बाईला दोन नवरे दिले. मी म्हटलं, मॅडम, मी लायब्ररी चालवतो, वधूवर मंडळ नाही." सगळा हॉल हसला. प्रशिकनं पाण्याचा घोट घेतला, हशा ओसरू दिला आणि मग पुढचा मुद्दा घेतला.

त्यानंतर वर्ष सरलं. त्या उन्हाळ्यात तो पारशिवनीकडे, आपल्या गावी गेला. गावात त्याची मोठी आई राहायची, म्हणजे वडलांच्या थोरल्या भावाची बायको, इंदूबाई. प्रशिकचे आईवडील दोघंही हिंगण्याच्या कारखान्यात पाळीवर जायचे, राहायला एक खोली, पोराकडे बघणार कोण? म्हणून लहानपणी तो मोठ्या आईकडेच वाढला. मोठे बाबा रुपराव पुढे वारले, तेव्हापासून ती एकटीच होती. गावाच्या चढावर तिचं घर, म्हणून ती वरची इंदू. उतारावर धोंडबाची बायको राहायची, तीही इंदूबाई आणि तीही गजभियेच, म्हणून ती खालची इंदू. लग्न होऊन दोघी मागेपुढेच गावात आल्या, धुणं एकत्र, विहारात बसणं एकत्र. गावात कुणी इंदूबाईचं नाव काढलं की ऐकणारा आधी विचारायचा, कोनती गा, वरची का खालची? पोरंसोरंसुद्धा विचारायची.

जेवायला बसल्यावर दुसऱ्याच घासाला प्रशिकच्या दाताखाली कचकन खडा आला. त्याला आधी आश्चर्यच वाटलं. मोठ्या आईनं निवडलेल्या तांदळात खडा? लग्नाच्या पंगतीचे तांदूळ निवडायला बायका तिला मुद्दाम बोलवून नेत. त्यानं खडा गुपचूप ताटाच्या कडेला ठेवला. पण तिनं त्याचं चावणं थांबलेलं ऐकलं.

"निघाला का खडा?" ती म्हणाली. तिनं मान खाली घातली आणि पदरानं उजवा डोळा टिपला. "दिसत नाई बाबू आता. मीच निवडले अन् मीच तुले खडे चारून राहिली."

त्यानं खोदून खोदून विचारलं तेव्हा सगळं बाहेर आलं. पारशिवनीला दवाखान्याचं डोळ्यांचं शिबिर भरतं. दोघी इंदू सोबतच नाव द्यायला गेल्या होत्या. खालच्या इंदूला बोलावणं आलं, तिचं नागपुरात ऑपरेशन झालं, हिरवी पट्टी बांधून ती परत आली. वरच्या इंदूला बोलावणं आलंच नाही. पुढच्या शिबिराला ती पुन्हा गेली, तर टेबलावरच्या माणसानं स्क्रीन बघून सांगितलं की तुमचं झालेलं आहे. डॉक्टरपर्यंत तिला पोचूच दिलं नाही. त्याच्या पुढच्या वेळी तर सगळ्या रांगेसमोर तो म्हणाला, आजी, फुकटचं आहे म्हणून किती वेळा करणार? रांग हसली. तिथून ती जी उठून आली, ती परत गेली नाही. डोळा ठणकायला लागला तेव्हा औषधाच्या दुकानातून थेंब आणले आणि तेच घालत राहिली.

गावात वेगळंच सुरू झालं. कुणी म्हणे वरची इंदू लबाडी करते, कुणी म्हणे म्हातारीचं डोकं फिरलं, झालेलं ऑपरेशन विसरली. आणि तिच्या मनात भलताच संशय बसला, की खालच्या इंदूनंच काहीतरी सांगून आपला नंबर खाल्ला. एके दिवशी तिनं ते खालच्या इंदूला नळावर तोंडावर सुनावलं. त्या दिवसापासून दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या.

"कधी कधी मलेच वाटते," मोठी आई अगदी हळू म्हणाली, "झालंच असंन आपलं. आपनच भुललो."

प्रशिक तापला. दवाखान्यातल्या लोकांना चांगलं सरळ करतो म्हणाला. एवढ्या म्हाताऱ्या बाईला चारचौघांत लबाड म्हणता म्हणजे काय, कोणत्या गाढवानं यादी केली ते बघतोच. सकाळी तिला गाडीत बसवून तो निघाला तो थेट नागपूरला दवाखान्याच्या दारात. मोठी आई सारखी म्हणत होती की भांडू नको बाबू, लोकं पाहतीन. तो कशाला ऐकतोय.

नोंदणीच्या खोलीत रोशन नावाचा कर्मचारी बसला होता. प्रशिकनं आवाज चढवला तसे बाहेरच्या बाकावरचे पेशंटही आत डोकावायला लागले. रोशननं वाद घातला नाही. त्यानं नाव टाकलं आणि स्क्रीन प्रशिककडे फिरवली. म्हणाला, तुम्हीच बघा साहेब, उजवा डोळा, झालेलं दाखवतंय, आम्ही काय करणार?

प्रशिकनं बघितलं. इंदूबाई गजभिये. गाव बरोबर. खाली पतीचं नाव. रुपराव, मग दोन तिरप्या रेघा, मग धोंडबा.

शिंप्याला आपला टाका कुठेही ओळखू येतो. त्या दोन तिरप्या रेघा जगात दुसरं कुणीच मारत नव्हतं. फोन नंबराच्या रकान्यातही तेच, दोन नंबर आणि मधे त्याच्या रेघा. पायलनं लिहिलेली दोन नवऱ्यांची बाई ती हीच, आणि ती या क्षणी बाहेर बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. ज्या बाईवर त्यानं हॉल हसवला होता, तिनं त्याला लहानपणी पाठीवर घेऊन शाळेत पोचवलं होतं.

त्याची नजर जन्मतारखेवर गेली. एक जानेवारी. ओळखपत्राचं शिबिर गावात भरलं होतं, तेव्हा तो कॉलेजात होता आणि सुटीत गावी आला होता. शिकलेला पोरगा म्हणून गावानं त्यालाच ऑपरेटरच्या शेजारी बसवलं होतं. म्हाताऱ्या बायकांना जन्मतारीख कुठली माहीत असायला? आमचा जन्म मोठ्या पुराच्या आधीचा, अमक्याच्या लग्नात मी कडेवर होते, असं एकेक जण सांगत होती. ऑपरेटरला घाई, उन्हं चढलेली, रांग शाळेच्या फाटकाबाहेर गेलेली. प्रशिक कंटाळला आणि म्हणाला, सगळ्यांचं वय पन्नास लिहून टाका. मशीननं पन्नासाचा हिशेब करून सगळ्यांना एकाच वर्षाची एक जानेवारी वाटली. दोघी इंदू रांगेत एकमेकींच्या मागेपुढे उभ्या होत्या. दवाखान्याला कार्डाचा नंबर ठेवायची मुभा नव्हती, त्यांनी कार्डावरचं नाव, गाव आणि तारीख तेवढी उतरवून घेतली होती.

म्हणजे माहिती त्यानंच घातली होती आणि घाण माहिती आणू नका असं पायलला सुनावणाराही तोच होता.

रोशन विचारत होता, साहेब, काय झालं? प्रशिकनं काही नाही म्हणून सांगितलं, नोंद दोघींची आहे, वेगळी करा, एवढं सांगितलं आणि आवाज खाली आणला. ही लायब्ररी माझी आहे, हे तो बोलला नाही. मघाशी दारातून डोकावणाऱ्या लोकांकडे त्याला बघवेना. रोशननंच उलट माफी मागितली, आणि ती प्रशिकनं ऐकून घेतली, याची त्याला पुढे कितीतरी दिवस लाज वाटत राहिली.

डॉक्टरीणबाईंनी मोठ्या आईला लगेच तपासलं. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकून पिकून डोळ्यात दाब वाढला होता, मागची नस सुकली होती. तो डोळा आता येणार नव्हता. डावा मात्र करता येईल, लवकर करू, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी साधेपणानं विचारलं की इतके दिवस का थांबलात, वर्षापूर्वी आणलं असतं तर दोन्ही डोळे राहिले असते. मोठ्या आईनं मान प्रशिककडे वळवली. तिला वाटलं प्रशिक उत्तर देईल. प्रशिक भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत राहिला.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन व्यवस्थित झालं. तिला प्रताप नगरात घरी ठेवून घेऊन प्रशिकनं थेंब घातले, हाताला धरून फिरवलं, औषधाच्या वेळा पाळल्या. ती शेजाऱ्यांना कौतुकानं सांगायची की माह्या पोरानं कसं केलं पाहा. असं ती म्हणाली की तो उठून आतल्या खोलीत जायचा.

पायलचा फोन नंबर त्यानं मिळवला. माफी मागायची असं ठरवूनच लावला होता. पण ती हॅलो म्हणाली आणि त्याची जीभ भलतीकडेच वळली. त्यानं तिला तांत्रिक प्रश्न विचारले. कोणती व्हर्जन होती, नोंदी कशा येत होत्या, तक्रारीनंतर तुम्ही काय केलंत? तिनं सगळं नीट सांगितलं. तक्रारीचं उत्तर आल्यावर तिच्या साहेबांनी ते वाचलं आणि म्हणाले, ज्यानं लायब्ररी लिहिली तोच म्हणतोय की चूक आपली, मग विषय संपला. तिनं पुन्हा म्हणून बघितलं होतं. काही दिवसांनी तिनं ती नोकरी सोडली.

"आणि सर," फोन ठेवायच्या आधी ती म्हणाली, "त्या दिवशी तुमच्या भाषणाला मी हॉलमध्ये होते. मागच्या रांगेत बसून राहिले होते."

प्रशिक म्हणाला, "हो का." मग कुणीतरी आलंय असं खोटंच सांगून त्यानं फोन बंद केला आणि बराच वेळ बाथरूममध्ये नळ सोडून उभा राहिला.

काम करणाऱ्या माणसाला लाज वाटली की तो कामाला लागतो, तेवढीच पळवाट. प्रशिकनं चाळणी उसवून पुन्हा शिवली. आता ती दोन माणसांचा परस्पर एक माणूस करत नव्हती. एकच आहेत, वेगळे आहेत, किंवा मला ठरवता येत नाही, अशी तीन उत्तरं ती द्यायची, आणि तिसरं उत्तर आलं की माणसाला विचारल्याशिवाय पुढे जायची नाही. मळलेल्या वाटेनं येणाऱ्यांची त्यामुळे पंचाईत झाली. जुना कोड मोडला म्हणून लोक कुरकुरले, ही लायब्ररी फार प्रश्न विचारते असं एकानं लिहिलं. प्रशिकनं ते सोसलं. लायब्ररी खरोखर चांगली झाली होती. पण नव्या व्हर्जनसोबतच्या निवेदनात त्यानं काय लिहिलं, तर 'अचूकतेत सुधारणा'. कोणाचा डोळा गेला, कुणी आधीच सांगितलं होतं आणि कुणी तिला गप्प केलं, यातलं एक अक्षर नाही. पायलची तक्रार तशीच बंद होती आणि खालचे अंगठेही तसेच होते.

पौर्णिमेला मोठी आई गावी जायला निघाली. जायच्या आधी तिनं त्याला समोर बसवलं. तिला एकच गोष्ट हवी होती. ऑपरेशन आधी झालं नव्हतं, ती खोटं बोलत नव्हती आणि तिचं डोकंही फिरलं नव्हतं, हे प्रशिकनं विहारात सगळ्यांसमोर सांगावं. तुह्यावर लोकं विश्वास ठेवतीन, तू शिकलेला आहे, असं ती म्हणाली. डोळ्याबद्दल ती काही बोलली नाही. डोळ्यापेक्षा तिला ते नळावरचं भांडण जास्त लागलं होतं.

प्रशिकनं तेव्हाच, तिच्या पायाशी बसून, तिला सगळं सांगितलं. पन्नास लिहून टाका म्हणाला होता तिथपासून हॉलमधल्या हशापर्यंत. लायब्ररी म्हणजे काय हे तिला किती कळलं कोण जाणे, पण बाकीचं तिला नेमकं कळलं. तिनं त्याच्या हातातला आपला हात मागे घेतला. गावी पोचेपर्यंत ती गाडीत खिडकीबाहेर बघत होती, एका डोळ्यानं.

विहारात वंदना झाली. यमुताईंनी, म्हणजे ज्या नेहमी वंदना घेत त्यांनी, प्रशिकला काही बोलायचं आहे असं सांगितलं. तो उभा राहिला. समोर सगळी बस्ती पांढऱ्या कपड्यांत बसली होती. एका कडेला वरची इंदू, दुसऱ्या कडेला खालची इंदू. वरच्या इंदूचं ऑपरेशन झालंच नव्हतं, कॉम्प्युटरमध्ये दोघींची एक बाई झाली होती, ती पहिल्यापासून खरंच बोलत होती, असं त्यानं सांगितलं. बस्तीत हुश्श झालं. बायका आपसात बोलायला लागल्या. यमुताई म्हणाल्या की बघा, मशीनचा काही भरवसा नाही. मागून कुणीतरी म्हणालं, कॉम्प्युटरनं केलं तं यात कोनाचा दोष? आणि वर प्रशिकची पाठ थोपटली गेली, की पोरानं शोधून तरी काढलं, डोळा तरी करून आणला. त्याला खाली बसायला हातानं जागाही करून दिली.

प्रशिक अर्धा वाकलाही. बसला असता तर विषय तिथेच मिटला असता, वर शाबासकी मिळाली असती. त्यानं मोठ्या आईकडे बघितलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती, पण तिचा हात पदराच्या टोकाला पीळ देत होता. तो पुन्हा ताठ झाला.

"कॉम्प्युटरनं नाई केलं," तो म्हणाला. "मी केलं. तो कोड मी लिहिला. तुमच्या सगळ्यांच्या तारखा मीच लिहाले लावल्या होत्या. एका पोरीनं मले सांगितलंबी होतं का चूक होऊन राहिली. मी तिले हाकलून देलं. माह्यामुळं मोठ्या आईचा डोळा गेला."

या वेळी कुणी जागा सरकवली नाही. खालची इंदू उठली, गुडघ्यावर हात टेकत टेकत या कडेपासून त्या कडेला गेली आणि वरच्या इंदूला टेकून बसली. प्रशिक एकटाच उभा होता, आणि आपण बसावं का बाहेर जावं हे त्याला कुणीच सांगत नव्हतं.

घरी आल्यावर मोठ्या आईनं चहा टाकला. खालची इंदू सोबत आली होती, ती चुलीपाशी बसली. प्रशिक दारातच उंबऱ्यावर टेकला. लहानपणी मार खाल्ल्यावर तो तिथेच बसायचा.

"त्या पोरीले सांगितलं का?" मोठ्या आईनं पाठमोरंच विचारलं.

त्यानं मान हलवली. ती तिला दिसणार नव्हती, म्हणून बोलावं लागलं. "नाई."

"काहून?"

का, ते त्याला पुरतं ठाऊक होतं. गावासमोर बोलता आलं, आणि एका पोरीशी बोलता येत नव्हतं. गावाला लायब्ररीतलं काही कळत नाही, म्हणून गावासमोर वाकणं त्यातल्या त्यात सोपं गेलं. पायलला सगळंच कळतं. त्याच्या धंद्यात, त्याच्याच कामात, ती बरोबर होती आणि तो चुकला होता, हे तिला तोंडानं म्हणायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

"लाव फोन," मोठी आई म्हणाली. "माह्यासमोर लाव. पहिले मले दे."

त्यानं लावला. तिकडून पायलचा आवाज आला, आणि मोठ्या आईनं फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला. फोनवर ती नेहमी ओरडायची, आज ओरडली नाही.

"बाई, मी इंदू बोलतो. ते दोन नवऱ्याची म्हनून तू लिहिलं होतं, ते मीच वं." ती थांबली. "तू खरं बोलली होती. मीबी खरंच बोलत होती. आमच्या पोरानं आपल्या दोघींले खोटं पाडलं."

खालच्या इंदूनं चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं. मोठ्या आईनं फोन प्रशिकच्या दिशेनं पुढे केला. हात थोडा चुकीच्या बाजूला गेला, तिला त्या अंगाचं आता दिसत नव्हतं. तो उठून त्या बाजूला गेला, फोन घेतला, आणि ती 'सर' म्हणायच्या आधीच म्हणाला, "पायल, मी प्रशिक. मागच्या वेळी कुणी आलं नव्हतं. मी पळालो होतो."